चष्म्यातली पंगत

तेरमध्ये रामहरीतात्यांना न ओळखणारा माणूस एखादा सापडेल, पण त्यांच्या हातून अर्धपोटी उठलेला माणूस सापडणार नाही. चार एकर कोरडवाहू जमीन, एक म्हैस आणि पंगतीत वाढण्याची कीर्ती, एवढी त्यांची इस्टेट. पहिल्या दोन गोष्टी गावात पुष्कळांकडं होत्या. तिसरी त्यांची एकट्याची. लग्न ढोकीला असो की कळंबला, जेवणाची वेळ झाली की मांडवात कुणीतरी विचारणारच, तात्या आलेत का, मग बसू द्या पंगत. याचे त्यांना कुणी पैसे देत नसे आणि दिले असते तर ते रागावून घरी गेले असते.

वाढपी म्हणजे बादली आणि पळी घेऊन रांगेतून चालत जाणारा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी तात्यांना पाहिलेलं नाही. जेवणाऱ्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला की बाकीचे वाढपी पुढं सरकतात. तात्यांचं काम तिथून सुरू व्हायचं. शेजाऱ्याला वाढता वाढता पळी कलती करायची. नाहीतर "मागं कोण उभंय तुमच्या?" असं विचारायचं आणि माणूस वळला की बादली हलकी करायची. जावई असेल तर सासूचं नाव काढायचं. व्याही असेल तर "तुमच्याकडं एवढंच खात्यात व्हय?" एवढं म्हणून गप्प उभं राहायचं; व्याही स्वतः हात काढून घेतो. मास्तर असेल तर मात्र हात जोडायचे. कोण कुणाचा कोण लागतो हे कळल्याशिवाय तात्या आग्रहाला हात घालत नसत. नातं कळलं की वाक्य आपोआप सुचे. पन्नास वर्षांच्या अनुभवातून त्यांनी एक नियमही काढला होता. पंगतीत "नको" म्हणजे लाज, "नको नको" म्हणजे भूक आणि "आता खरंच नको" म्हणजे अजून एक पळी.

अशा माणसाच्या घरात न जेवणारं माणूस निघावं, हे नशिबाला शोभलं नाही.

तात्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत. घरी बायको धुरपताबाई, सून दैवशाला आणि नात हर्षाली. हर्षाली धाराशिवला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, रोज एसटीनं जायची-यायची. अभ्यासात हुशार, बोलायला गोड. गावात काहीही कार्य असलं की ती तात्यांच्या मागून पाण्याचा जग घेऊन फिरे. लोक म्हणत, तात्या, तुमची गादी चालवणार ही पोरगी. तात्यांची छाती फुगायची. सगळ्यांना वाढून झाल्यावर पोरगी कधी जेवते, हे कुणी पाहिलं नाही, त्यांनीही पाहिलं नाही. ती जेवतच नव्हती. जग हातात असला की कुणी खाली बस म्हणत नाही, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

घरी तिची उत्तरं ठरलेली होती. कॉलेजात खाल्लं. मैत्रिणीकडं डबा होता. पोट दुखतंय. श्रावणात एका दुपारी ती धाराशिवच्या बसस्टँडवर चक्कर येऊन पडली, तेव्हा ती उत्तरं संपली.

मग उपाय सुरू झाले. धुरपताबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. हरिबा नावाचे झाडपाल्याचे जाणकार शेजारच्या गल्लीत राहत. त्यांनी एक काढा दिला आणि यानं दगडाला भूक लागेल असं सांगितलं. नातीला देण्याआधी आपण चव घ्यावी म्हणून तात्या वाटीभर प्यायले आणि त्या दिवशी चार वेळा जेवले. हर्षालीवर काही परिणाम झाला नाही. शेवटी तात्यांनी आपलं शस्त्र बाहेर काढलं. दोन्ही वेळा ते तिच्या ताटासमोर मांडी घालून बसू लागले आणि पन्नास वर्षांत मिळवलेली सगळी विद्या त्या एका ताटावर खर्च करू लागले. पोरगी चार घास खाई, उठून मोरीकडं जाई आणि पुढच्या वेळी दोनच घास खाई. साऱ्या जिल्ह्यात चाललेला हात घरात चालेना, तेव्हा तात्यांची झोप उडाली.

धाराशिवच्या दवाखान्यात रक्त तपासून झालं, पोटाचे फोटो झाले. डॉक्टरांनी सोनाली मॅडमकडं पाठवलं. मॅडम मनाच्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या, वय फार तर पस्तीस. पुण्यात शिकून आपल्या जिल्ह्यात परत आलेल्या. त्यांनी दैवशालाला आणि तात्यांना समोर बसवून सांगितलं की हा पोरीचा हट्ट नाही आणि नखराही नाही. हा आजार आहे. अन्न समोर आलं की तिला परीक्षेच्या पेपरासारखी भीती वाटते, आणि लोक बघत असले, खा खा म्हणत असले की ती भीती दुप्पट होते. तेव्हा घरी आग्रह बंद करा. तात्यांनी मान हलवली. मनात म्हटलं, पुण्यात शिकलेलं माणूस, आग्रह कशाशी खातात हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

मॅडमकडं एक यंत्र होतं. डोळ्यांवर बांधायचा एक जाड चष्मा. तो बांधला की माणूस बसल्या जागी दुसरीकडं जातो, म्हणजे त्याला तसं दिसतं, असं मॅडमच्या मदतनिसानं, दिग्विजयनं समजावलं. तात्यांना ती घाण्याच्या बैलाची झापड वाटली. पण बैलाला झापड बांधली की काही दिसत नाही, ही बांधली की नसलेलंही दिसतं, एवढा फरक दिग्विजयनं मान्य करवून घेतला. ज्याची भीती वाटते ते आधी चष्म्यात थोडं थोडं पाहायचं, तिथं धीट व्हायचं, मग खऱ्या जगात यायचं, अशी त्यातली युक्ती होती.

पहिल्या दिवशी हर्षालीला चष्म्यात एक विलायती हॉटेल दाखवलं. गोरी माणसं, काचेची भांडी, टेबलावर केक. भीती दहापैकी किती वाटते, असं मॅडमनी विचारलं. हर्षालीनं सगळीकडं मान फिरवून पाहिलं आणि सांगितलं की दोन. इथं कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, कुणी वाढायलाही येत नव्हतं, मग भ्यायचं कशाला. मॅडमनी विचारलं, मग दहा कुठं वाटते. पोरीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, पंगतीत. वाढपी एकेक पत्रावळ करत जवळ यायला लागला की. आणि वाढपी कोण असतो, असं विचारल्यावर तिनं दाराकडं बोट केलं. दाराबाहेर बाकड्यावर तात्या पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

मॅडमनी तात्यांना आत बोलावून हे सगळं जपून सांगितलं. हर्षालीसाठी आपल्याकडची खरी पंगत चष्म्यात घ्यायची आहे, गावच्या देवळात, गावच्या माणसांसह, आणि वाढायला तुम्हीच हवेत. का हवेत, तेही सांगितलं. पण त्यातलं तुम्हीच हवेत एवढंच तात्यांच्या कानात राहिलं. त्या दिवशी ते बसमधून उतरले ते थेट पारावर गेले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की धाराशिवच्या डॉक्टरांनी आग्रह शिकून घ्यायला तात्यांना नेमलंय.

मार्गशीर्षात एका रविवारी मारुतीच्या देवळात ती पंगत बसली. दिग्विजयनं रांगेत एका जागी तिपाईवर कॅमेरा ठेवला. चहूबाजूंनी डोळे असलेलं नारळाएवढं यंत्र, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, पुढं पत्रावळ. उद्या हर्षालीनं चष्मा घातला की ती त्या जागी बसलेली असेल, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. धुरपताबाईंना एवढंच कळलं की हा नवा पाहुणा आहे. त्यांनी त्याला कुंकू लावलं. दिग्विजयनं ते हळूच पुसलं, त्यांनी ते परत लावलं.

कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला नागप्पाला बसवलं होतं. नागप्पा हा तात्यांचा शेजारी, पिठाच्या गिरणीचा मालक, आणि तात्यांच्या आग्रहाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बसायला तो एका हाकेत तयार झाला.

पहिल्या वेळी तात्या लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसे बादली धरून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि पापणी न हलवता पाहत राहिले. मॅडम म्हणाल्या, कॅमेरा विसरा. दुसऱ्या वेळी ते कॅमेरा इतका विसरले की त्याला टाळून पुढंच गेले. तिसऱ्या वेळी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, यंत्राच्या पायावर सांडली. दर वेळी पंगत नव्यानं मांडावी लागे आणि दर वेळी नागप्पा पहिल्यापासून जेवे. तिसऱ्या पंगतीनंतर त्यानं दिग्विजयला बाजूला घेऊन, असे फोटो महिन्यातून किती वेळा काढता, अशी चौकशी केली.

तात्या घामाघूम झाले होते. त्यांनी बादली खाली ठेवली आणि आपली अडचण सांगितली.

"मॅडम, हे बसलंय ते माझं कोण लागतंय? जावई हाय का व्याही? नातं कळल्याबिगर म्या आग्रह कसा करू?"

मॅडम म्हणाल्या, "समजा, हर्षाली बसलीय."

तात्या थांबले. मग त्यांनी बादली उचलली, रांगेच्या टोकाला गेले आणि एकेकाला वाढत आले. कॅमेऱ्यासमोर येऊन वाकले आणि सांगितलेलं काही न आठवता, रोज रात्री स्वयंपाकघरात जे बोलायचे तेच बोलून गेले.

"घे गं लेकरा. आपल्या घरात का दुष्काळ पडलाय? बघ कशी काडी झालीस. लोक मला विचारायलेत, रामहरी, साऱ्या मुलखाला वाढतोस अन् नातीला उपाशी ठेवतोस का. एवढं खा. माझ्यासाठी खा. तू न्हाय खाल्लंस तर म्याबी जेवणार न्हाय, सांगून ठेवतो."

असं म्हणत त्यांनी तीन पळ्या वाढल्या. नागप्पासुद्धा चावायचा थांबला. कुणीतरी म्हणालं, वा तात्या. मॅडम मात्र दिग्विजयला एवढंच म्हणाल्या, झालं, हेच ठेव.

आठवड्यानं तात्या नातीबरोबर धाराशिवला गेले तेव्हा चित्र तयार होतं. हर्षालीला दाखवायच्या आधी आपण बघू तरी कसे दिसतो, असं तात्यांनी स्वतःच म्हटलं. येताना त्यांनी नवं धोतर नेसलं होतं. मॅडमनी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि दिग्विजयनं चष्मा बांधला.

तात्या देवळात होते. मांडी घालून, पंगतीत. खाली पत्रावळ, उजवीकडं नागप्पा भुरके मारतोय, वर मारुतीच्या गाभाऱ्याचा दिवा. तात्यांनी कौतुकानं मान फिरवली. इतक्यात रांगेच्या टोकाला बादली घेतलेला एक म्हातारा दिसला. तात्यांना वाटलं, माणूस बरा दिसतो, चालही बरी आहे. मग लक्षात आलं.

म्हातारा एकेक पत्रावळ करत जवळ येऊ लागला. तात्या पन्नास वर्षं पंगतीत उभे राहिले होते. बसलेल्या माणसाला वाढपी केवढा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तो झाडाएवढा दिसतो. बादली कपाळाशी येते. पळी वरून येते, कुठून येते ते कळत नाही. म्हातारा वाकला आणि त्याचा चेहरा इतका जवळ आला की नाकातले केस मोजता यावेत. तात्यांनी सवयीनं पत्रावळीवर हात आडवा धरला. पण चष्म्यात त्यांना स्वतःचा हात दिसेना. पळी रिकामी झाली. "घे गं लेकरा," म्हातारा म्हणाला.

"बास की राव," तात्या म्हणाले.

म्हाताऱ्यानं दुसरी पळी घातली. काडी झालीस म्हणाला. लोक विचारतात म्हणाला. आजूबाजूच्या सगळ्या माना तात्यांकडं वळल्या. तात्यांनी पाय आखडून घेतले. "आता खरंच नको," ते मोठ्यानं म्हणाले, आणि म्हाताऱ्यानं नेमानं तिसरी पळी घातली. तेव्हा तात्यांनी जमिनीला जोर देऊन मागं सरकायचा प्रयत्न केला. खुर्चीला चाकं होती. ती तात्यांना घेऊन खोलीभर निघाली आणि औषधांच्या कपाटाला लागून थांबली.

दिग्विजयनं धावत जाऊन चष्मा काढला. तात्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर बराच वेळ ते धोतराची निरी नीट करत राहिले.

"म्या घरीबी असाच बोलतो?" त्यांनी शेवटी विचारलं. मॅडमना विचारलं, पण उत्तर हर्षालीनं दिलं.

"घरी बादली नसते, आबा."

त्या दिवसापासून तात्यांनी घरी आग्रह सोडला. म्हणजे ठरवलं तरी. जेवायला बसले की त्यांची जीभ वळवळे. एक दिवस ते तोंडात पान धरून बसले. दुसऱ्या दिवशी नातीकडं पाठ करून बसले, तर मामंजी रुसले म्हणून दैवशालाच जेवेना. शेवटी हर्षालीच्या जेवणाच्या वेळी त्यांनी गोठ्यात जायला सुरुवात केली. पण हात आणि तोंड सवयीचे गुलाम. ते म्हशीला पेंड घालत आणि म्हणत, खा गं, लाजतीस काय, आपल्या घरात का दुष्काळ पडलाय. म्हशीचा नको-व्हयचा प्रश्नच नव्हता. पौषापर्यंत तिनं अर्धा लिटर दूध वाढवलं आणि तात्यांना थोडं बरं वाटलं.

दर मंगळवारी हर्षाली धाराशिवला जाऊन चष्म्यात पंगतीला बसे. आधी वाढपी रांगेच्या पार टोकाला असायचा, तेवढंच दाखवत. मग थोडा जवळ. प्रत्येक वेळी मॅडम विचारत, दहापैकी किती. पहिल्यांदा नऊ. माघ लागला तेव्हा सात. शिवाय आहाराची माहिती देणाऱ्या ताई होत्या, तपासण्या होत्या, आणि मॅडमशी तासभर बोलणं असे. ते काय असे हे तात्यांना कधी कळलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मध्ये दोन आठवडे पोरगी परत खाईना झाली, तेव्हा मॅडम म्हणाल्या होईल असं, घाबरू नका. तात्या घाबरले, पण गोठ्यात जाऊन घाबरले.

पुढं वाढपी अगदी समोर येऊन वाकू लागला, तेव्हा मॅडमनी तिला त्याच्याशी बोलायला सांगितलं. खोलीची भिंत पातळ फळीची होती. बाहेर बाकड्यावर तात्यांना आतला आवाज येई. "नको, आबा." थोड्या वेळानं, "नको म्हटलं ना, आबा." मग परत पहिल्यापासून. तात्या प्रत्येक नकोला बाकड्यावर इंचभर सरकत. एका मंगळवारी शेजारी माकणीची एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली होती. तिनं बराच वेळ ऐकलं आणि हळहळून विचारलं, कोण म्हातारं एवढं छळायलंय पोरीला?

"असतंय एखादं," तात्या म्हणाले आणि पिशवीतलं काहीतरी शोधू लागले.

त्याच दिवशी आतून वेगळंच वाक्य आलं. "आबा, माझं मला घेऊ द्या. तुम्ही पुढं चला." आवाज मोठा नव्हता, पण थरथरतही नव्हता. बाहेर तात्या बाकड्यावरून उठून उभे राहिले आणि खरोखर दोन पावलं पुढं चालले. मग भानावर येऊन परत बसले.

चैत्रात हनुमान जयंतीचा भंडारा आला. या वेळी मी पंगतीत बसणार, असं हर्षालीनं आदल्या आठवड्यात जाहीर केलं. मॅडमनी तिच्याशी बोलून सगळं ठरवलं: पानात काय घ्यायचं, कुणाशेजारी बसायचं, नको वाटलं तर कसं उठायचं. घरच्यांना एकच सांगणं, तिच्या पानाकडं बघू नका. तात्यांनी विचारलं, त्या दिवशी मी बाहेर चपला राखत बसू का. हर्षाली म्हणाली नको.

"चष्म्यातले आबा झाले बघून. आता खरे बघायचेत."

भंडाऱ्याच्या दिवशी पहिल्या पंगतीला दीडशे पानं बसली. हर्षाली बायकांच्या रांगेत, एका अंगाला आई आणि दुसऱ्या अंगाला मोनिका नावाची मैत्रीण. श्लोक झाला. तात्या हुग्गीची बादली घेऊन निघाले. रांगेत आज ते कुणाला काय वाढतायत हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. नातीच्या पानासमोर आले तेव्हा त्यांनी वाकायचं टाळलं. दूर उभं राहून नुसती पळी पुढं केली, त्यामुळं ते मधमाश्यांचं पोळं काढायला आल्यासारखे दिसले.

"अर्धी पळी, आबा."

पन्नास वर्षांत त्या हातानं अर्धी पळी वाढली नव्हती. औषध मोजावं तशी त्यांनी ती वाढली. शेजारची एक चुलती म्हणाली, अवो, स्वतःच्या नातीला एवढंच? तात्या पुढं गेले. मागं वळून पाहिलं नाही.

जेवण रंगलं आणि हळूहळू संपत आलं. पंगतीचा आपला रिवाज असा, की शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पहिल्यानं उठायचं नाही. आणि गावचा रिवाज असा, की दुसऱ्या पंगतीची माणसं पहिलीच्या पाठीशी येऊन उभी राहतात. तशी ती राहिली. माणसांनी पत्रावळी पुढं सरकवल्या, बोटं चाटून झाली, पाण्याचे पेले रिकामे झाले, आणि अजून कुणी उठेना. देवळात कुजबुज सुरू झाली. कुणाचं राहिलंय? माना वर झाल्या, बायकांच्या रांगेकडं वळू लागल्या. पाठीमागच्या दोघीतिघी एकमेकींना खुणावू लागल्या.

तात्या गाभाऱ्यापाशी होते. त्यांनी पान पाहिलं नाही, पण हात पाहिला. हर्षालीचा हात पानावरून वर येत होता, तो मध्येच थांबला होता. अजून चार माना वळल्या तर तो हात खाली जाईल, आणि मग तो परत कधी वर येईल हे मॅडमनाही सांगता आलं नसतं.

तात्यांनी मोठी बादली उचलली आणि थेट पुरुषांच्या रांगेतल्या नागप्पासमोर जाऊन उभे राहिले.

"काय नागप्पा, गिरणीत दिवसभर दुसऱ्याचं पीठ खातोस म्हणून मारुतीची हुग्गी गोड लागंना का?"

नागप्पा म्हणाला, तात्या, झालंय, पोट तुडुंब आहे. त्यानं एक हात आडवा धरला. तात्यांनी त्याच्या मागं कोण उभंय ते विचारलं. पुढं दोन हात आडवे आले, तेव्हा तात्यांनी त्याच्या सासूची आठवण काढली. तोवर दोन पळ्या पडल्या होत्या. सगळं देऊळ तिकडं पाहू लागलं. रांगेत हसू फुटलं. तात्या तिथून सुटले ते रांगभर फिरले. कुणाच्या व्याह्याला टोमणा, कुणाच्या जावयाला शपथ. मास्तरांपुढं तर ते गुडघ्यावर बसले. माणसं पत्रावळीवर पालथी पडू लागली, एकानं टोपीनं पान झाकलं. मागची पंगत ओरडू लागली की आम्हाला काही ठेवणार का नाही. देवळाचे पंच रेवणसिद्धअण्णा काठी आपटत आले, म्हणाले रामहरी, पातेलं तळाला लागलंय, शुद्धीवर ये. तात्यांनी अण्णांच्याच हातात एक द्रोण भरून दिला. तेर गावानं तात्यांचा आग्रह पुष्कळ पाहिला होता, पण असा पाहिला नव्हता. बायकांच्या रांगेकडं कुणाचं ध्यान राहिलं नाही.

नागप्पाकडं ते तिसऱ्यांदा आले तेव्हा दैवशाला पदर सावरताना दिसली. तिच्या शेजारी हर्षाली पत्रावळ आपल्या बाजूला दुमडत होती. तात्यांनी बादली टेकवली आणि नेहमीसारखं बसा आता म्हणायच्या ऐवजी उठा आता असं मोठ्यानं ओरडले. दीडशे माणसं कण्हत उठली. एकटा नागप्पा उठला नाही. त्याला दोघांनी काखेत हात घालून उभं केलं आणि खांबाशी नेऊन टेकवलं.

पत्रावळी गोळा करायचं कामही तात्यांचंच. हर्षालीच्या पानापाशी ते आले. दुमडलेलं पान तसंच उचललं आणि टोपलीत टाकलं. पलीकडून धुरपताबाईंनी डोळ्यांनी विचारलं, किती? तात्यांनी खांदे उडवले. बाईंना वाटलं सांगत नाहीत, म्हणून त्या जवळ आल्या आणि पदराआडून परत विचारलं. तात्या म्हणाले, पाहिलं न्हाय. बाईंचा विश्वास बसला नाही. त्या टोपलीकडं बघू लागल्या, पण तोवर तिच्यात वर शंभर पानं पडली होती.

दुसरी पंगत बसायला लागली. हर्षाली नळावर हात धुऊन आली आणि खांबापाशी थांबली. चेहरा थकलेला होता, कपाळावर घाम होता. दहापैकी किती, असं विचारावं की नाही, याचा तात्या विचार करत राहिले आणि त्यांनी विचारलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "नागप्पाकाका खरंच नको म्हणत होते बरं का."

तात्यांनी वळून पाहिलं. नागप्पा खांबाला टेकून डोळे मिटून बसला होता. एक हात पोटावर होता आणि दुसरा अजून पत्रावळीवर धरावा तसा हवेत आडवा होता.

"व्हय गं," तात्या म्हणाले. "म्हणत व्हता खरा."

दुसऱ्या पंगतीतून हाका येत होत्या, तात्या, हुग्गी. तात्यांनी बादली दुसऱ्याच्या हातात दिली आणि नागप्पासाठी ओवा मागायला धुरपताबाईंकडं गेले.